वाचकांचे प्रश्न : भूशास्त्रात पुढे काय?

प्रश्न : मी नागपुरात बी.एस्सी. भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दगड ओळखताना गोंधळ होतो. सरकारी नोकरीसाठी आत्तापासून काय करू?

उत्तर : आधी हात बसवा. १०एक्स (दहापट मोठं दाखवणारं) भिंग डोळ्याला अगदी टेकवा आणि दगड जवळ आणा. बरेच जण उलटं करतात आणि अंधुक दिसतं म्हणतात. ताजा तुटलेला पृष्ठभागच पाहा, वरची कुजलेली साल फसवते. बेसॉल्टच्या (लाव्हापासून बनलेल्या काळ्या दगडाच्या) पोकळ्यांतलं पांढरं खनिज चाकूने ओरखडलं गेलं आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसलं, तर कॅल्साइट. क्वार्ट्झवर, म्हणजे गारेवर, चाकू चालत नाही. कंपासने स्ट्राइक (कललेल्या थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) घेताना लोखंडी हातोडी दूर ठेवा, नाहीतर सुई हलते आणि अख्खा नकाशा चुकतो.

नागपूरकरांचं भाग्य मोठं : सीताबर्डीला बेसॉल्ट, कामठीकडे गोंडवाना या जुन्या खडकगटातला वालुकाश्म, मनसरला मँगनीज. रविवारी वही घेऊन निघाच.

भूवैज्ञानिक पदासाठी यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते, पण त्यासाठी एम.एस्सी. लागते. पूर्वपरीक्षा ४०० गुणांची, वस्तुनिष्ठ. मुख्य परीक्षेत २०० गुणांचे तीन लेखी पेपर. मुलं अडतात ती लेखीत, म्हणून आकृतीसह उत्तरं लिहायचा सराव याच वर्षी सुरू करा.