‘उडणारा विंचू’ सोयाबीनवर येईल का?

शेतकरी बंधू-भगिनींनो, या आठवड्यात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओत नांगी वर केलेला, पंख असलेला किडा दिसतो. तो सोयाबीनवर पडला तर कोणतं औषध मारायचं, हा पहिला. आणि शेतातल्या आखाड्यावरच्या बल्बखाली शेपूट उचलून पळणारा लाल-काळा किडा तोच का, हा दुसरा.

व्हिडिओतला किडा म्हणजे विंचूमाशी. तिच्यासाठी एक पंपसुद्धा फवारू नका. तिला दमट, सावलीची, थंड रानं लागतात. आपल्याकडे हिमालय आणि ईशान्य भारतात ती आढळते. मराठवाड्यातलं उघडं, तापलेलं शिवार तिला मानवणारं नाही.

व्हिडिओ थांबवून नीट पाहा. तोंड खाली लांब ओढल्यासारखं, त्याच्या टोकाला बारीक जबडे. पंख चार, त्यांवर काळे ठिपके. वर वळलेली ‘नांगी’ फक्त नराला असते आणि ते त्याचं जननांग आहे. मीलनाच्या वेळी मादीला धरून ठेवायला ते उपयोगी पडतं. त्यात विष नाही, काटा नाही. काही जातींत नर मादीला आधी मेलेला किडा किंवा स्वतःच्या लाळेचा गोळा खायला देतो. खाणंही बहुतेक मेलेल्या किड्यांचं. कोळ्याच्या जाळ्यात अडकलेलं भक्ष्यसुद्धा ती पळवते. अळ्या जमिनीत राहून मेलेले किडेच खातात. पिकाच्या पानाशी तिचं वैर नाही.

विंचवाशी तिचं नातंही नाही. विंचवाला आठ पाय, तो कोळ्याच्या कुळातला. ही सहा पायांची, म्हणजे कीटक. खरी माशीही नव्हे, कारण माशीला दोनच पंख. मेकॉप्टेरा नावाचा तिचा स्वतंत्र गण आहे, साधारण 600 जातींचा, आणि त्याचे जीवाश्म 25 कोटी वर्षांहून जुने आहेत. जवळचे नातलग मात्र आपल्या ओळखीचे: माश्या आणि गोठ्यातल्या पिसवा.

आता बल्बखालचा किडा. तो वेगळा, पेडेरस नावाचा छोटा भुंगेरा. तोही डंख मारत नाही, पण अंगावर चिरडला तर त्याच्या रसाने एक-दोन दिवसांत कातडीवर जळजळणारे फोड येतात. म्हणून हाताने मारू नका, फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवा, तो हात डोळ्याला लावू नका. रात्री झोपताना दिवा बंद ठेवा, मच्छरदाणी लावा. शेतात हा बारीक किडी खातो, तेव्हा तो मित्रकीटकच.

व्हिडिओ पाहून कीटकनाशक आणलं असेल तर ते तसंच राहू द्या. भीतीपोटी केलेल्या फवारणीत क्रायसोपा, ढालकिडे, कोळी हे किडी खाणारे मित्र आधी मरतात आणि पानं खाणारी उंटअळी मोकळी सुटते. ओळीत फिरून झाडं हलवा, अळ्या मोजा. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीवर, म्हणजे फवारणीचा खर्च परवडेल इतकी, गेली तरच रासायनिक औषध, तेही त्या पिकासाठी शिफारस असलेलंच. अनोळखी किड्याचा फोटो पाठवताना तोंड आणि पाय स्पष्ट येऊ द्या, पिकाचं नाव लिहा.

भ्यायचं असेल तर दगड-ढेकळांखालच्या लाल विंचवाला भ्या. तो चावून घाम सुटला, हातपाय गार पडले तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. त्यावरचा प्राझोसिन या औषधाचा उपचार आपल्याच जालना जिल्ह्यातल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवला आहे. तो जितका लवकर सुरू होईल तितका जीव वाचण्याचा संभव जास्त.