बर्फ न पाहिलेल्या मुलांना बर्फाची कोणती चित्रपुस्तकं वाचून दाखवावीत?

तुमची मुलगी साडेचार वर्षांची, राहायला शिरपूरला, बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीवर. आणि रात्री वाचून दाखवायला हिवाळ्याची चित्रपुस्तकं हवीत, असा तुमचा प्रश्न. मी पारोळा तालुक्यात पहिली-दुसरीला शिकवते, त्यामुळे हा उद्योग वीस-बावीस पोरांवर करून झालाय.

खरी अडचण शब्दाची आहे. आपल्याकडे बर्फ म्हटलं की गोणपाटात गुंडाळलेली लादी, नाहीतर गोळेवाल्याचा रंधा. आभाळातून पडतात त्या गारा, आणि त्या तर केळी-गव्हाची वाट लावतात. मी पहिल्यांदा ‘बर्फ पडतोय’ असं वाचलं तेव्हा एकाने विचारलं, ‘‘मॅडम, डोकं नाही फुटत का?’’ पुढच्या पानावर पांढरे ढीग दिसले, तर मागून आवाज आला, ‘‘हाई ते कापूस शे!’’ बरोबरच होतं त्याचं. डिसेंबरात निम्म्या घरांत भावाची वाट बघत कापूस पडून असतो, पोरं त्यात उड्या मारतात, गुडघ्यापर्यंत रुततात आणि रात्री अंग खाजवत बसतात. तेव्हापासून असं पुस्तक वाचताना मी पिशवीभर कापूस जवळ ठेवते.

म्हणून निवडताना एवढंच बघा, की पुस्तकातलं मूल बर्फात काही करतंय का. नुसता पांढरा देखावा असेल तर तिसऱ्या पानाला पोरं जांभया देतात. माझी पहिली पसंती एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘द स्नोई डे’ला (१९६२). लाल कपड्यातला पीटर पाय आत वळवून, बाहेर वळवून ठसे उमटवतो, काठीने झाडावरचा बर्फ पाडतो आणि उद्यासाठी एक गोळा खिशात ठेवतो. झोपण्याआधी खिसा चाचपतो, तर रिकामा! इथे माझा वर्ग दर वेळी गप्प होतो. पानावर वाक्यंही मोजकीच, वाचता वाचता मराठी किंवा अहिराणी करता येतं.

रेमंड ब्रिग्ज यांच्या ‘द स्नोमॅन’मध्ये (१९७८) शब्दच नाहीत. चित्रं लहान लहान चौकटींत आहेत, वर्गात मागच्यांना काही दिसत नाही. मांडीवर घेऊन बघायला मात्र छान. शेवटी बर्फाचा माणूस वितळलेला असतो, तेव्हा लेक हळवी असेल तर ते झोपायच्या वेळी नको.

‘आउल मून’ (१९८७) थोडं थांबून, पाच-सहा वर्षांची झाली की घ्या. बाप-लेक थंडीच्या रात्री घुबड शोधायला जातात, वडील घुबडासारखा आवाज काढतात. तो आवाज तुम्हाला काढावा लागेल, दिवा मंद करून. आजीबाई ‘रात्रीचं घुबडाचं नाव कशाला’ म्हणतील, ते गृहीत धरा. बर्फकणांचे फोटो काढणाऱ्या बेंटलीवरचं ‘स्नोफ्लेक बेंटली’ सुंदर आहे, पण मजकूर जास्त. ते दुसरी-तिसरीत.

ही पुस्तकं बाहेरची, महाग पडतात. आधी वाचनालयात विचारा, आणि घ्यायच्या आधी उभ्या उभ्या तीन पानं मोठ्याने वाचून बघा. जीभ अडखळली तर ठेवून द्या.

आणि वाचा थंडीतच, गोधडीत बसून. मी एकदा एप्रिलमध्ये, पारा त्रेचाळीसवर असताना वाचलं. निम्मा वर्ग गोळा खायला सोडा म्हणून मागे लागला.