आईंना आठ दिवस दुसरीकडे ठेवलं तर?

"लोक म्हणतील, सुनेनं सासूला टाकून दिलं." माझ्याकडे येणाऱ्या बायका हे थोड्याफार फरकानं म्हणतातच, पुरुषही म्हणतात, जरा फिरवून. नागपुरातल्या मानेवाड्याच्या या ताई तर खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सासूबाईंना स्मृतिभ्रंश. नवरा सकाळीच बुटीबोरीला कामावर जातो, नणंद अमरावतीला, दीर शहरातच, पण त्यांना वेळ नाही. ताईंच्या पित्ताशयात खडे झालेले. ऑपरेशन वर्षभर पुढं ढकललं, कारण आईंना पाहणार कोण? हे त्यांनी सहज सांगितलं. रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "मॅडम, रात्रभर उठून राहतात त्या. परवा भातात पाणी ओतलं, तर माझा हात उठला. मारलं नाही मी. पण उठला ना!"

अशा वेळी 'तुम्ही किती करता' असं कौतुक करण्यात अर्थ नसतो. ज्या माणसाला सलग झोप नाही, त्याचा हात कधीतरी उठणारच. मी म्हटलं, ऑपरेशनची तारीख घ्या आणि त्याआधी आईंना परक्या हाताची सवय लावा.

एकदम आठ दिवस मात्र नाही. आधी घरी सांभाळायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोकडून एक मावशी आणल्या, आठवड्यातून दोन दुपारी. सुरुवातीला ताई घरातच थांबल्या आणि एक कागद लिहून दिला. औषधांच्या वेळा होत्याच, पण मला महत्त्वाच्या वाटल्या त्या बाकीच्या ओळी: 'चहा बशीत ओतून द्यायचा. आंघोळ म्हणू नये, पाय धुऊ म्हणावं. पाच वाजता काटोलला घरी जायचं म्हणून उठतात. हेच घर आहे असं सांगत बसू नये, गेटपर्यंत फिरवून आणावं.' मावशी एकटीनं सांभाळू लागल्या, त्या पहिल्या दुपारी ताई धरमपेठेत बहिणीकडे गेल्या आणि कूलरसमोर झोपल्या.

दिराला 'मदत करा' म्हणून काही होत नव्हतं. मग थेट विचारायला सांगितलं: रविवारची सकाळ देता, की मावशींचा पगार? त्यांनी पगार घेतला अंगावर. मला ते चाललं. ताई मात्र बरेच दिवस धुसफुसत होत्या.

नवऱ्याची भीती वेगळी होती: केस तर होणार नाही? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण ती कायमचं सोडून देण्याच्या इराद्यानं वाऱ्यावर सोडणाऱ्याला. पत्ता, फोन, परतीची तारीख लिहून देऊन केलेली सोय त्यात येत नाही.

जागा शोधणं सोपं नव्हतं. पुष्कळ वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात, म्हणून विसरभोळेपणा, रात्रीचं उठणं, डायपर हे फोनवरच सांगून टाकावं. माहितीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. जागा बघायला न सांगता जेवणाच्या वेळी जा, असं मी सांगते. घास कसा भरवतात ते दिसतं. रात्री किती माणसं जागी असतात आणि दुखलंखुपलं तर कोणत्या दवाखान्यात नेतात, हेही विचारावं. ताईंनी आईंची गोधडी आणि तो कागद सोबत दिला.

ऑपरेशन नीट झालं. आई परत आल्या त्या जास्त गोंधळलेल्या. ताईंना 'बाई, तुम्ही कोणाच्या?' म्हणाल्या. नणंद फोनवर बोलायचं ते बोललीच. जागा बदलली की असं होतं, बहुतेकदा काही दिवसांत घडी बसते. पण माणूस एकाएकी सुस्तावला, ताप आला, जेवण सुटलं किंवा बरळू लागला तर ते जागेवर ढकलून गप्प बसू नये. लघवीतला संसर्ग किंवा शरीरातलं पाणी कमी होणं, म्हाताऱ्या माणसात असंच दिसतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर हमखास. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं.

आईंची घडी बसली. दुपारच्या मावशी सुरूच आहेत. पुढचे आठ दिवस दिवाळीनंतरचे ठरलेत, या वेळी ऑपरेशन वगैरे काही नाही, ताईंना नुसतं मुलीकडे बंगळुरूला जायचंय. नणंदेला कोणी सांगायचं, यावर नवराबायकोचं अजून ठरत नाही.