सुपरहिरोपट स्वीकारण्यापूर्वी

पुणे

प्रिय दिग्दर्शकास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मुंबईच्या निर्मितीसंस्थेचा सुपरहिरोपट स्वीकारला, तर लॉ कॉलेज रस्त्यावरची आपली मंडळी ‘हाही विकला गेला’ म्हणतील, ही तुझी धास्ती मला कळते. परंतु तीत फारसे तथ्य नाही. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्याच आवारात प्रभातने १९३६ साली ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबांना विमानातून वैकुंठाला नेले, आणि त्या ट्रिकसीनमुळे दामले-फत्तेलालांची कलादृष्टी उणावल्याचे कोणी म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा चमत्काराची लाज बाळगू नकोस. तो चमत्कार पडद्यावर कसा दिसावा हे कोण ठरवणार, एवढे मात्र होकार देण्यापूर्वी नक्की विचारून घे.

तुझ्या आजवरच्या छोट्या चित्रपटांत प्रत्येक शॉट तुझ्या नजरेखालून गेला. मोठ्या चित्रपटात तसे आपोआप घडत नाही. तिथे मारामारीची आणि उड्डाणाची दृश्ये संगणकावर आधीच रचली जातात, ज्याला ते ‘प्रीव्हिज’ म्हणतात; कधीकधी पटकथा पुरती लिहून होण्याआधीच हे काम सुरू झालेले असते, आणि चित्रीकरणाच्या वेळी त्यातला बराचसा भाग सेकंड युनिट, म्हणजे मुख्य दिग्दर्शकाशिवाय वेगळे चित्रीकरण करणारी दुसरी तुकडी, व स्टंट दिग्दर्शक टिपतात. अर्जेंटिनाच्या दिग्दर्शिका ल्युक्रेशिया मार्तेल यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले होते की, ‘ब्लॅक विडो’संबंधीच्या बोलण्यांत मार्व्हल या सुपरहिरोपट काढणाऱ्या अमेरिकन कंपनीकडून त्यांना, हाणामारीच्या दृश्यांची चिंता करू नका, ते आम्ही पाहून घेऊ, असे सुचवण्यात आले. वरवर ही सोय वाटते; पण सुपरहिरोपटात हाणामारी काढून टाकली तर दिग्दर्शकाकडे उरते काय? याउलट ख्रिस्तोफर नोलन यांनी ‘बॅटमॅन बिगिन्स’ सेकंड युनिटशिवाय चित्रित केला. अर्थात तिथवर ते एका उडीत पोहोचले नव्हते. मित्रांना घेऊन शनिवार-रविवारी चित्रित केलेला ‘फॉलोइंग’ १९९८ चा आणि ‘बॅटमॅन बिगिन्स’ २००५ चा. मधल्या काळात ‘मेमेंटो’ आणि ‘इन्सोम्निया’ झाले होते. तुझ्या बाबतीत या मधल्या पायऱ्या नाहीत, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

म्हणून माझा आग्रह असा की, मानधनाच्या घासाघिशीपेक्षा माणसांसाठी भांड. (मानधनही सोडू नकोस, आपल्याकडे पैसे मागायला उगाच संकोच करतात.) रायन कूगलर यांनी ‘ब्लॅक पँथर’ करताना ‘फ्रूटवेल स्टेशन’पासूनच्या आपल्या सहकाऱ्यांना, म्हणजे छायालेखिका रेचेल मॉरिसन, कलादिग्दर्शिका हॅना बीचलर आणि संगीतकार लुडविग योरानसन यांना, सोबत नेले, पुढे बीचलर आणि योरानसन यांना त्याच चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले. शंभर अनोळखी तंत्रज्ञांच्या गर्दीत, ‘हे तुझ्यासारखे वाटत नाही’ असे तोंडावर सांगणारा एक संकलक असणे फार मोलाचे असते. तुझा संकलक आणि छायालेखक यांची नावे करारात घालून घे. केवळ तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस, कारण निर्माते बदलतात आणि नव्या माणसाला जुना शब्द आठवत नाही.

फायनल कट, म्हणजे अंतिम संकलनावरचा शेवटचा शब्द, मात्र तुला मिळणार नाही, आणि त्यासाठी हटून बसण्यात अर्थ नाही. त्याऐवजी प्रीव्हिजच्या खोलीत पहिल्या दिवसापासून बसण्याचा हक्क माग. तिथे तुला कोणी येऊ देत नसेल, तर नकार तेव्हाच दे. एडगर राइट यांनी अनेक वर्षे जोपासलेला ‘अँट-मॅन’ २०१४ मध्ये चित्रीकरण तोंडावर आलेले असताना सोडला. इतक्या उशिरा बाहेर पडण्याची किंमत नव्या दिग्दर्शकाला परवडणारी नसते.

परतीची वाट बंद होते, असे मात्र मानू नकोस. ‘हल्क’ या सुपरहिरोपटानंतर दोनच वर्षांनी, २००५ मध्ये, अँग ली ‘ब्रोकबॅक माउंटन’ घेऊन आले आणि दिग्दर्शनाचे ऑस्कर घेऊन गेले.

पुढच्या बैठकीत सेकंड युनिट कोणाच्या हाताखाली असेल, हे आधी विचार आणि उत्तर लेखी माग. कराराचा मसुदा आला की सही करण्यापूर्वी चित्रपट व्यवसायातल्या वकिलाला दाखव. पटकथा माझ्याकडे पाठव, मी पेन्सिल घेऊन वाचेन.

तुझा शुभचिंतक