‘चांगल्या कामाला नाही कसं म्हणू?’

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आईसोबत आमच्याकडे सल्ल्यासाठी आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घराजवळच्या बालगृहाला तिनं विनामूल्य माहितीपत्रक करून द्यायचं कबूल केलं होतं: ए-फोर कागद, दोन घड्या, सहा पानं. पंधरवड्याचं काम तीन महिने लांबलं. आई म्हणाली, “फुकटच्या कामापायी सबमिशन बुडतंय.” मुलगी म्हणाली, “मुलांसाठी आहे हो. नाही म्हटलं तर किती स्वार्थी दिसेन.”

डिझाइन शिकणाऱ्या मुलांची ही नेहमीची घालमेल. त्यांना नुसतं ‘नाही म्हणायला शिक’ सांगून भागत नाही. अपराधी वाटणं त्यानं आणखी वाढतं. म्हणून तिला व्हॉट्सअॅपवर आलेले सगळे बदल तीन रकान्यांत लिहायला सांगितले. पहिला रकाना चुकांचा: बँकेचा आयएफएससी कोड, एका देणगीदाराचं आडनाव. दुसरा आवडीनिवडीचा: ‘हिरवा नको, निळा करून बघ’. तिसरा नव्या कामांचा: ‘हेच जरा फ्लेक्सच्या मापात दे, लेटरहेडही’. पहिला रकाना दोन ओळींत संपला. दुसऱ्यात एकाच मुखपृष्ठावर तीन विश्वस्तांचे तीन उलटसुलट निरोप होते. कागदाकडे बघत ती म्हणाली, “म्हणजे त्यांचंच अजून ठरलेलं नाही.”

त्या वाक्यानंतर पुढचं बोलणं सोपं झालं. विश्वस्त तिला छळत नव्हते. शेवटचा शब्द कुणाचा हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनं संस्थेसाठी एक पानी पत्र लिहिलं. होकार-नकार देणारी व्यक्ती एकच, बाकीच्यांनी तिच्याकडे बोलायचं. मजकूर टाइप केलेला आणि तपासलेला, एकाच वेळी. बदलांच्या दोन फेऱ्या, चुकांची दुरुस्ती वेगळी. आठवड्याला चार तास, परीक्षेच्या महिन्यात शून्य. फ्लेक्स आणि लेटरहेड या कामात नाहीत.

छपाईचं नियोजनही त्या पत्रातच हवं, कारण खरी धावपळ तिथं होते. व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो दाबले जाऊन लहान होतात, छापल्यावर फुटतात. मूळ फोटो ईमेलनं किंवा ड्राइव्हवर मागवावेत. आत दुमडणारं पान दोन-तीन मिलिमीटर अरुंद ठेवायचं (97, 100, 100 मिलिमीटर), नाहीतर घडी फुगते. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून टाकायला सोडलेली जादा छपाई. प्रेसच्या संगणकावर आपला फॉन्ट नसला तर जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. म्हणून अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टशिवाय दिसणाऱ्या आकृत्यांत बदलून, पीडीएफ द्यायची आणि कागदावरच्या प्रूफवर, म्हणजे तपासायच्या नमुना प्रतीवर, संस्थेची सही घ्यायची. सही झाल्यावर बदल नाही. या सहीनं डिझाइन करणाऱ्या मुलांच्या मनावरचा केवढा भार उतरतो!

एक गोष्ट आम्ही आवर्जून विचारतो: फोटोत मुलांचे चेहरे आहेत का? बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करता येत नाही. तिच्या मुखपृष्ठावर एक हसरा चेहरा होता. त्याजागी रंगानं माखलेले हात आले.

आईचा प्रश्न राहिलाच होता: “तिला यातून काय मिळणार?” देणगीवरची आयकर सवलत पैशाच्या देणगीला असते, दिलेल्या कामाला नाही. पण कामाचं स्वरूप आणि तास लिहिलेलं प्रमाणपत्र, पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी आणि छापील पाच प्रती जरूर मागाव्यात.

पत्र गेल्यावर एक विश्वस्त नाराज झाले. सचिवांनी मात्र होकार-नकार कोण देणार त्याचं नाव दुसऱ्याच दिवशी कळवलं. प्रत्येक संस्था असं करेलच असं नाही. पत्र नाकारलं तर झालेलं काम ओपन फाइलसकट (बदल करता येतील अशा मूळ फाइलसकट) सोपवून बाहेर पडता येतं. त्यासाठी संस्थेला पाठवायला आम्ही विद्यार्थ्यांना एवढा निरोप लिहून देतो: “ताई, आतापर्यंतचं काम आणि सगळ्या फाइली सोबत पाठवत आहे. परीक्षेमुळे पुढचे बदल मला जमणार नाहीत. प्रेसमधला ऑपरेटर याच फाइलीत ते करू शकेल.”