रुग्ण कल्याण समितीवर नाव आलंय, पण बैठकीत नेमकं करायचं काय?

तुम्ही विचारलंय की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर, म्हणजे केंद्राचा कारभार आणि निधी पाहणाऱ्या समितीवर, तुमचं नाव घेतलं आहे, वैद्यकातलं काही कळत नाही, मग बैठकीत बोलायचं काय आणि अशा बाहेरच्या सदस्यांमुळे खरंच काही बदलतं का. मी आमच्या भागात आधी गावच्या आरोग्य समितीवर आणि पुढे रुग्ण कल्याण समितीवर बरीच वर्षं काम करते आहे. बदलतं, हे मी खात्रीने सांगते. आणि वैद्यकातलं कळलंच पाहिजे असं काही नाही. ते कळणारी माणसं त्या खोलीत आधीच बसलेली असतात.

त्यांच्याकडे जे नसतं ते तुमच्याकडे आहे. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत जो आला त्याचं नाव चढतं. बाह्यरुग्ण किती, बाळंतपणं किती, लसीकरण किती, सगळे आकडे आलेल्या माणसांचे. जी बाई दारापर्यंत येऊन परत गेली, ज्या म्हाताऱ्याकडे जीपचं भाडं नव्हतं म्हणून तो घरातून निघालाच नाही, जी मुलगी 'तिथे सगळे ओळखीचे असतात' म्हणून दुखणं अंगावर काढते, त्यांची नोंद कुठेच होत नाही. डॉक्टर कितीही मनापासून काम करणारे असले तरी ही माणसं त्यांना दिसत नाहीत. न आलेल्यांचं म्हणणं तिथपर्यंत नेणं हे आपलं काम. माझ्या मते बाकी सगळं यानंतर येतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. आमच्याकडे रक्तदाब आणि साखरेचे रुग्ण नोंदले जायचे, सुरुवातीला गोळ्या न्यायचे आणि मग यायचे बंद व्हायचे. दर बैठकीत शेरा तोच: 'रुग्णांचा प्रतिसाद नाही, जनजागृती करावी.' आम्ही काही जणी त्या घरांमध्ये जाऊन बसलो. गोळीचं महत्त्व कुणालाच पटवून द्यायची गरज नव्हती, शेजारच्या घरात लकवा मारून पडलेलं माणूस सगळ्यांनी पाहिलेलं होतं. अडचण अशी की गोळ्या पंधरा दिवसांच्याच मिळायच्या. म्हणजे महिन्यातून दोन फेऱ्या, दोन्ही वेळा भाडं, आणि सोबत येणाऱ्या मुलाचा किंवा सुनेचा रोज बुडणार. एका आजींनी तर हिशोब करून एक दिवसाआड गोळी खायला सुरुवात केली होती, म्हणजे एका फेरीत महिना निघेल. हे ऐकल्यावर जनजागृतीचा विषयच संपला.

आमची मागणी दोन ओळींची होती. गोळ्या महिन्याच्या द्या, आणि उपकेंद्रात ठरलेल्या एका वारी मिळू द्या. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे तिथे नेमलेल्या प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी, होत्याच. डॉक्टरांनी एकदा औषध ठरवून दिलं की पुढच्या गोळ्या त्या देऊ शकत होत्या, रक्तदाबही तिथेच मोजला जात होता. साठा जास्तीचा मागवावा लागला, त्यात वेळ गेला. पण वार ठरला आणि माणसं यायला लागली. नवीन इमारत नाही, नवीन पद नाही. ही गोष्ट वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी सुचली नाही यात त्यांचा दोष मी मानत नाही. त्यांच्या टेबलावर ती कधी आलीच नव्हती.

असे बदल शोधायला गेलं की सापडत जातात. तपासणीच्या खोलीला पडदा नसणं ही कागदावर अगदी क्षुल्लक बाब, पण त्या एका पडद्यापायी बायका खासगी दवाखान्यात पैसे मोजत असतात. बाह्यरुग्ण विभागाची वेळ घ्या: राष्ट्रीय निकषांप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी चार तास आणि दुपारनंतर दोन तास अशी तपासणी अपेक्षित आहे. दुपारनंतरची ती वेळ प्रत्यक्षात पाळली जाते का, हे मजुरी करणाऱ्या बाईला विचारा, कारण तिला सकाळची वेळ कधीच जमत नाही. लसीकरण गावाच्या एका टोकाच्या अंगणवाडीत होतं आणि वस्ती दुसऱ्या टोकाला असते. ऊसतोडीला गेलेल्या घरांपुढे 'स्थलांतरित' असं लिहिलं जातं आणि जिथे फड पडलाय तिथल्या यादीत ती मुलं नसतात, म्हणजे सहा महिने ती कुणाचीच नाहीत. यातला प्रत्येक मुद्दा तुमच्या समितीत मांडण्यासारखा आहे.

आता बैठकीची रीत, कारण चांगला मुद्दा इथेच वाया जातो. मनात आलेलं ऐन बैठकीत बोललात तर ते 'ऐनवेळचे विषय' मध्ये जातं, शेवटच्या पाच मिनिटांत, लोक उठायच्या बेतात असताना. म्हणून विषय आठ दिवस आधी लेखी द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या आणि विषयपत्रिकेवर येऊ द्या. बैठकीची सुरुवात मागच्या इतिवृत्ताच्या वाचनाने होते. तिथे नम्रपणे एकच प्रश्न विचारायचा: मागच्या वेळी ठरलं होतं त्याचं पुढे काय झालं? सुरुवातीला सगळे चमकतात, नंतर तुम्ही विचारणार हे गृहीत धरून उत्तर तयार ठेवतात. कोऱ्या इतिवृत्तावर किंवा न झालेल्या बैठकीच्या नोंदीवर सही करू नका. शिपाई घरी वही घेऊन आला, 'सगळ्यांनी केलीये' म्हणाला, तरी नाही. त्या सहीवर पैसे खर्च होतात.

पैशांबद्दलही विचारायचंच. ग्रामीण आरोग्य अभियानाच्या सुरुवातीच्या निकषांप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी वर्षाला 25,000 रुपये अबंधित (म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेले), 50,000 देखभालीचे आणि 1 लाख रुग्ण कल्याण समितीचे, असे पावणेदोन लाख ठरलेले होते. गावच्या समितीला 10,000. आज तुमच्या केंद्राला किती आले ते खातेपुस्तकावरून कळेल, ते सदस्य म्हणून मागून पाहा. रक्कम मोठी नाही, पण पडदा, पाण्याची टाकी, बाकडी, तुटलेलं दार, तातडीची औषधं यांना पुरते. मात्र बहुतेक ठिकाणी ती मार्च महिन्यात घाईघाईने रंगरंगोटीवर जाते. तुम्ही जूनमध्येच गावांच्या गरजांची यादी दिलीत तर तो खर्च वेगळा होऊ शकतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार नि:शुल्क आहेत, हेही लक्षात असू द्या. कुठे केसपेपरचे किंवा तपासणीचे पैसे मागितले जात असतील तर तो थेट बैठकीचा विषय आहे.

पुढचा मुद्दा फार कमी सदस्यांना माहीत असतो, आणि त्यामुळे चांगले अर्ज चुकीच्या कार्यालयात वर्षभर पडून राहतात. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे असतं. वाट तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी अशी. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही इमारती असल्या तरी साहेब वेगळे. दोघांच्या वर आरोग्य मंडळाचे, म्हणजे काही जिल्ह्यांच्या गटाचे, उपसंचालक; अशी आठ मंडळं राज्यात आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तर वैद्यकीय शिक्षण विभागाचं, म्हणजे खातंच निराळं. म्हणून 'डॉक्टर नाहीत, औषधं नाहीत, गाडी नाही' असा एकत्र अर्ज कधी करू नका. तीन अर्ज करा आणि प्रत्येकासाठी विचारा: हे या खोलीत बसलेल्यांपैकी कुणाच्या हातात आहे? असेल तर इथेच तारीख मागा. नसेल तर समितीचा ठराव करून वर पाठवायला सांगा. ठरावाला वजन असतं, आणि खालच्या अधिकाऱ्यांनाही तो हवाच असतो. रिकाम्या पदाबद्दल त्यांनी स्वत: कितीदा लिहिलेलं असतं, लोकांचा कागद जोडला की त्यांचंही बळ वाढतं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं: आरोग्यसेविका आणि आशाताईंना आरोपी करू नका. गावाचा राग सगळ्यात आधी त्यांच्यावर निघतो, कारण दारात त्याच येतात. सपाटीवर 5,000 आणि डोंगराळ, आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. शेजारचं पद रिकामं असेल तर तुमची आरोग्यसेविका दोन उपकेंद्रांचं काम ओढत असते. आधी तिला एकटीला गाठून विचारा, तुला काय अडतं. वरिष्ठांपुढे जे तिला बोलता येत नाही ते तुम्ही बोलू शकता. आमच्या भागात बाळंतिणीला घरी सोडायला गाडी मिळत नव्हती. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून घर ते दवाखाना आणि परत घर, दोन्ही प्रवास मोफत आहेत. लोकांना वाटायचं सेविका मुद्दाम सांगत नाही. खरं कारण गाडीच्या इंधनाची बिलं अडकलेली होती, आणि ते तिनेच आम्हाला सांगितलं. तिचं नाव न घेता आम्ही तो विषय लावला.

नावांचं म्हणाल तर रुग्णांचंही नाव कधीच घ्यायचं नाही. छोट्या गावात 'क्षयरोगाची एक बाई' एवढं म्हटलं तरी कोण ते कळतं. सांगणाऱ्याची परवानगी घ्या, तपशील पुसट करा, आणि एकाच गोष्टीवर थांबू नका. चार घरांत तेच ऐकलं की मग मांडा. यामुळे 'हा तुमचा वैयक्तिक अनुभव आहे' हे उत्तरही मिळत नाही.

यातलं काहीच महाराष्ट्राला नवं नाही. 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य म्हटलं आहे. आपल्याकडे 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि 2007 मध्ये लोकाधारित देखरेखीचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा लोकांनीच तपासण्याचा, प्रयोग नऊ राज्यांत झाला. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे पाच: पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. राज्यपातळीवरचा समन्वय पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होता. गावकरी एकत्र बसून लसीकरण, औषधं, कर्मचाऱ्यांची वागणूक अशा एकेका सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचे. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तो तक्ता वाचता यायचा आणि त्यावर भांडताही यायचं. मग जनसुनवाई व्हायची, अधिकारी समोर, लोक माइकवर. ही पद्धत तुम्ही आजही एका गावापुरती वापरू शकता, त्यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नाही. ग्रामसभेच्या दिवशी एक मोठा कागद आणि तीन रंगांची खडूपेटी पुरे.

आणि गावात परत जाऊन सांगा. बहुतेक प्रतिनिधी इथेच चुकतात. लोकांकडून ऐकून नेलं आणि पुढे काय झालं ते सांगितलंच नाही, तर दुसऱ्यांदा कुणी तोंड उघडत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. नकार आला असेल तर नकार सांगा, कुणी दिला आणि काय कारण दिलं तेही सांगा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ग्रामसभांना विषयपत्रिकेत आरोग्याचा एक विषय लावून घ्या. आरोग्य हा राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या, म्हणजे पंचायतींकडे द्यायच्या विषयांच्या यादीतल्या, 29 विषयांपैकी एक आहे, त्यामुळे 'हा ग्रामसभेचा विषय नाही' असं कुणी म्हणू शकत नाही. सभेला बायका बोलत नसतील तर आदल्या दिवशी बचत गटाच्या बैठकीत बसा.

पहिल्या बैठकीला दोन आठवडे असतील तर वेळ भरपूर आहे. केंद्रापासून सगळ्यात लांबची वस्ती किंवा पाडा निवडा, तिथल्या अशा घरांत जा जिथलं कुणी वर्षभरात केंद्रात गेलेलं नाही, आणि का ते विचारा. त्यातून एकच विषय घेऊन बैठकीला जा, असा की ज्याचा निर्णय वैद्यकीय अधिकारी स्वत: घेऊ शकतात. मोठ्या मागण्या, म्हणजे उपकेंद्र, जादा पद, रुग्णवाहिका, यांचा ठराव दिवाळीच्या आत वर पाठवा. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असलं तरी जिल्ह्याच्या आराखड्याची जुळवाजुळव त्याच्या बरीच आधी चालू होते, आणि फेब्रुवारीत दिलेली मागणी पुढच्या वर्षावर जाते.