गल्ल्यावरची गुळगुळीत बिलं: वाचकांचे प्रश्न

दुकानाच्या बिलांविषयी आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. लेप दिलेले कागद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली, म्हणून संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. पत्रं लांबलचक होती. प्रश्नापुरती ठेवली आहेत.

प्रश्न : मी दुकानात गल्ल्यावर असते, दिवसभर बिलं फाडून देते. मला पाचवा महिना आहे. या कागदात हार्मोन्सवर परिणाम करणारं रसायन असतं असं वाचल्यापासून झोप उडाली आहे. मैत्रीण म्हणते, सारखं सॅनिटायझर लावत जा. मालक म्हणतात, इतकी वर्षं गिऱ्हाइकं बिलं घेतायत, कुणाला काही झालं का?

आधी तुमच्या मालकांना उत्तर देते. गिऱ्हाईक बिल घेतं, बेरीज बघतं आणि खिशात कोंबतं. तुम्ही तोच कागद कामाची पाळी संपेपर्यंत हाताळता. त्यामुळे गिऱ्हाइकांना काही झालं नाही, यावरून तुमच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. या विषयावर येणारे बहुतेक लेख खरेदी करणाऱ्याला घाबरवतात आणि गल्ल्यामागच्या माणसाला विसरतात. माझ्या मते हे उलटं असायला हवं.

आता कागदाबद्दल. हा थर्मल कागद, म्हणजे उष्णतेने छापला जाणारा. या छपाईला शाई लागत नाही. कागदावरच्या लेपात एक रंगहीन रंगद्रव्य असतं आणि त्याला गडद करणारं दुसरं रसायन असतं, त्याला डेव्हलपर म्हणतात. प्रिंटरमधला भाग जिथे तापतो तिथे दोन्ही वितळून एकमेकांत मिसळतात आणि अक्षर उमटतं. वर्षानुवर्षं हा डेव्हलपर म्हणजे बिस्फेनॉल ए, थोडक्यात बीपीए. टणक पारदर्शक प्लास्टिकही बीपीएपासूनच बनतं, पण तिथे तो रेणूंच्या साखळीत बांधलेला असतो. बिलावर तो मोकळा असतो, म्हणून बोटाला लागतो. तो इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखा वागतो, हेही काही आजच कळलेलं नाही. १९३०च्या दशकात एडवर्ड डॉड्स हे ब्रिटिश शास्त्रज्ञ कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात होते, तेव्हाच त्यांनी हे रसायन तपासलं होतं.

हाताला लागतो किती? स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे मोजलं. त्यांनी तपासलेल्या बिलांत बीपीए सापडला तिथे तो किलोमागे ८ ते १७ ग्रॅम होता. कोरड्या बोटांनी असा कागद पाच सेकंद धरला, तर दोन बोटांवर मिळून साधारण एक मायक्रोग्रॅम येत होता. बोटं ओली किंवा तेलकट असली की जवळजवळ दहापट.

मैत्रिणीचा सल्ला इथेच उलटतो. सॅनिटायझरने हात ओलसर राहतात आणि त्यातले काही घटक त्वचेतून पदार्थ आत जायला मदत करतात. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये नेमकं हेच तपासलं. सॅनिटायझर लावून बिल हाताळल्यावर त्वचेवर आणि शरीरात जाणारा बीपीए बराच वाढला. हाताच्या क्रीमचंही तेच समजा. क्रीम लावायचं तर काम संपल्यावर, हात धुऊन.

हातमोज्यांचा मात्र खरोखर उपयोग होतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात २४ स्वयंसेवकांनी दोन तास सलग बिलं हाताळली. मोजे नसताना लघवीतल्या बीपीएची सरासरी लिटरमागे १.८ वरून ५.८ मायक्रोग्रॅमवर गेली. नायट्राइल या कृत्रिम रबराचे मोजे घातल्यावर लक्षणीय वाढ दिसली नाही. पण ५.८ हा आकडा वाचून घाबरू नका. आधीच्या एका अभ्यासात लोकांना काही दिवस डबाबंद सूप दिलं होतं, तेव्हा हाच आकडा २०.८ पर्यंत चढला होता. डब्यांच्या आतल्या लेपातही बीपीए असायचा. म्हणजे बिल हा एक मार्ग आहे, एकमेव नाही. तुमच्या बाबतीत तो रोजचा आहे, एवढंच.

तेव्हा नायट्राइलचे पातळ मोजे घाला, फाटले किंवा आतून घामेजले की बदला, आणि ते घातलेल्या हाताने खाऊ नका. मोजे जमत नसतील तर खाण्याआधी साबण-पाण्याने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करूनच गल्ल्यावर परत या, कारण ओल्या बोटांचं गणित वर दिलंच आहे. बिलं सुटी करायला अंगठा जिभेला लावायची सवय असेल तर ती आजच सोडा. रोल बदलताना कागदावर तळवा घासू नका, कडेने धरा.

डॉक्टरांना तुमच्या कामाचं स्वरूप सांगाच. आणि मालकांना हे सांगा: युरोपीय संघाने बिलांच्या कागदातल्या बीपीएवर मर्यादा आणली ती गर्भवती कॅशियरच्या पोटातल्या बाळाला असलेल्या धोक्यावरून. तिथल्या तज्ज्ञ समितीच्या हिशेबात बंदीचा खर्च फायद्यापेक्षा जास्त दिसत होता. पण धोका एकाच गटाच्या वाट्याला येतो, ही बाजूही त्याच समितीने नोंदवली. शेवटी नियम झाला. २ जानेवारी २०२० पासून तिथे वजनाच्या ०.०२ टक्के किंवा त्याहून जास्त बीपीए असलेला असा कागद विकता येत नाही. बाळ होईपर्यंत दुसरं काम मागणं म्हणजे नखरे नव्हेत.

प्रश्न : आमच्या रोलच्या वेष्टनावर ‘बीपीए फ्री’ छापलं आहे. मग काळजी मिटली ना?

‘फ्री’ शब्द वाचला की मी पहिल्यांदा विचारते, मग त्याच्या जागी काय घातलं? डेव्हलपरशिवाय नेहमीचा थर्मल कागद चालत नाही. बीपीए काढून बरेचदा बीपीएस म्हणजे बिस्फेनॉल एस घातला गेला. अमेरिकेतल्या ॲपलटन कंपनीने २००६ मध्ये बीपीए सोडला आणि बीपीएस घेतला. पुढे आपला कागद ओळखू यावा म्हणून त्यात बारीक लाल तंतूही घातले. बीपीएस हा बीपीएचा चुलतभाऊच. जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय रसायन संस्थेने त्यालाही अतिशय चिंताजनक पदार्थांच्या यादीत घेतलं. स्वित्झर्लंडने २०२० पासून या कागदात दोन्हींना मनाई केली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने एकेक नाव न घेता बिस्फेनॉलचा सगळा वर्गच बिलांतून बाहेर काढायचा नियम केला, तो जानेवारी २०२६ पासून लागू आहे. हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं, नाहीतर एक अक्षर बदलून तोच खेळ पुन्हा सुरू होतो.

सगळे बिस्फेनॉल फिनॉल वर्गातले, म्हणून रोल घेताना ‘फिनॉल फ्री’ आहे का ते विचारा आणि पुरवठादाराकडून लेखी घ्या. असे कागद आहेत. काहींत युरियावर आधारित डेव्हलपर असतो, काहींत क जीवनसत्त्वावर आधारित. तेही निर्दोष आहेत असं समजू नका. पर्गाफास्ट नावाचा प्रचलित पर्याय पाण्यातल्या जीवांना घातक आहे. मला स्वतःला जर्मनीच्या कोलर कंपनीची युक्ती आवडते. त्यांच्या एका कागदात डेव्हलपर नाहीच. गडद थरावर हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांचा अपारदर्शक थर असतो. उष्णतेने पोकळ्या दबतात आणि खालचा काळा रंग दिसू लागतो. रसायनाचं काम भौतिकशास्त्राने केलं! कागद थोडा निळसर-करडा दिसतो, तेवढं चालवून घ्यायचं.

नखाने ओरखडा काढून बघा, असंही एका वाचकाने सुचवलंय. काळी रेघ उठली तर कागद थर्मल आहे एवढंच त्यातून समजतं. आत कोणतं रसायन आहे ते नख सांगत नाही.

प्रश्न : जुनी बिलं रद्दीत टाकावीत की घरच्या खतात?

दोन्हीकडे नकोत. रद्दीत गेली की लगदा करताना त्यातला बिस्फेनॉल बाकीच्या कागदात पसरतो. पुनर्वापराच्या टिश्यू पेपरात आणि खोक्यांच्या पुठ्ठ्यात तो सापडतो, त्याचं एक कारण हेच. खतात गेली तर मातीत. जाळूही नका. पुनर्वापर न होणाऱ्या सुक्या कचऱ्यात टाका. रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी मात्र बिनधास्त रद्दीत जाऊ द्या. लॉटरीची तिकिटं, रांगेचे टोकन, पार्सलची लेबलं, एटीएमच्या चिठ्ठ्या, बॅगेचे टॅग यांतली बरीचशी याच जातीची असतात. ओरखड्याची चाचणी इथे कामाची.

प्रश्न : वॉरंटीचं बिल खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट करायला दिलं. पूर्ण काळं होऊन परत आलं! आता काय?

ते गेलं. ज्या कागदावर उष्णतेने अक्षर उमटतं तो गरम रोलरमधून गेला, तर दुसरं काय होणार? दुकानाच्या नोंदीत बिल क्रमांक असेल तर दुसरी प्रत मागा.

पुढच्या वेळी बिल मिळालं त्याच दिवशी फोटो काढा, आणि कागदच हवा असेल तर साध्या कागदावर झेरॉक्स. मूळ बिल ठेवायचं झालं तर उजेड आणि उष्णतेपासून दूर, साध्या कागदाच्या पाकिटात. मऊ प्लास्टिकच्या पारदर्शक खिशात नको, कारण प्लास्टिक लवचीक करणारी द्रव्यं अक्षरं पुसून टाकतात. तेल, अल्कोहोल आणि काही गोंदही तेच करतात. झेरॉक्स झाली की मूळ बिल फेकून द्यायला हरकत नाही. पण काही ठिकाणी मूळच मागतात, तेव्हा वॉरंटी कार्डावरची अट वाचून ठरवा.

प्रश्न : माझं लहान दुकान आहे. निम्मी गिऱ्हाइकं बिल तिथेच टाकून जातात. कागद कसा वाचवू?

तुमच्याच पत्रात उत्तर आहे: त्या निम्म्यांसाठी छापू नका. फ्रान्सने १ ऑगस्ट २०२३ पासून हाच नियम केला. बिल आपोआप छापायचं नाही, गिऱ्हाइकाने मागितलं तरच. वॉरंटीच्या टिकाऊ वस्तूंसारखे अपवाद ठेवले आहेत. तुमच्याकडे बिल देण्याबद्दल कायदा काय म्हणतो ते आधी पाहून घ्या आणि मगच बिलाच्या सॉफ्टवेअरमधली आपोआप छपाई बंद करा. पैसे घेतानाच ‘बिल छापू का?’ असं विचारलं की काम भागतं. छापल्यावर ‘हवंय का?’ विचारणं व्यर्थ.

मग बिलाची लांबी बघा. दुकानाचं मोठं चिन्ह, सणाच्या शुभेच्छा, परतीचे नियम दोन भाषांत, पुढच्या सवलतीची जाहिरात आणि खाली रिकामा सुटलेला कागद. यातलं किती लागतं? नियम भिंतीवर लावा. कार्डाच्या मशीनची दुकानाची प्रत दर वेळी निघते का, तेही पाहा. बऱ्याच यंत्रांत ती बंद करता येते. ८० मिलिमीटरऐवजी ५८चा रोल घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. वस्तूंची नावं आखूड असतील तरच घ्या. लांब नावं दोन-दोन ओळींत मोडली तर बिल अरुंद होईल आणि तेवढंच लांबही.

फोनवर बिल पाठवणं चांगलं, पण त्या निमित्ताने सगळ्यांचे नंबर गोळा करून जाहिराती धाडू नका. लोक वैतागतात आणि पुन्हा कागद मागू लागतात. पडद्यावर क्यूआर कोड दाखवला तर नंबर न देताही बिल उतरवून घेता येतं. आणि तुमच्या गल्ल्यावर कुणी नोकरीला असेल, तर न छापलेलं प्रत्येक बिल त्या माणसाच्या हातालाही लागत नाही.

प्रश्न : बाळ बिलांशी खेळतं, कधी तोंडातही घालतं. काही होईल का?

एकदा घातलं म्हणून दवाखान्यात धावू नका. तोंड पुसा, हात धुवा. पण खेळायला बिल देऊ नका, आणि पर्समधली सुटी बिलं एका कागदी पाकिटात ठेवा.

प्रश्न : शरीरात बीपीए किती आहे याची तपासणी करून घ्यावी का?

मी करणार नाही. पोटात गेलेला बीपीए बहुतेक एका दिवसात लघवीवाटे निघून जातो. त्वचेतून गेलेला जास्त रेंगाळतो. त्यामुळे एकदाच केलेल्या चाचणीतून फार तर गेल्या एक-दोन दिवसांचा अंदाज येतो. शिवाय आकडा हातात आला तरी तो कशाशी ताडून पाहणार? रोज किती चालेल याची युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेची तात्पुरती मर्यादा २०१५ मध्ये वजनाच्या किलोमागे ४ मायक्रोग्रॅम होती. २०२३ मध्ये तिने ती ०.२ नॅनोग्रॅमवर आणली (एका मायक्रोग्रॅमचे हजार नॅनोग्रॅम), म्हणजे वीस हजार पटींनी कमी. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेला हे पटलं नाही. तिची मर्यादा २०० नॅनोग्रॅम आहे. दोन नावाजलेल्या संस्थांत हजार पटींचा फरक! त्यांचा वाद मिटेपर्यंत चाचणीच्या पैशांत नायट्राइलच्या मोज्यांची खोकी घ्या आणि ती गल्ल्यावर नेऊन ठेवा.